ओव्हनची सफाई मी हाती घेतो

सोमवार, ४. सकाळी.
आज उठलो, तोंड धुतलं, देवाचं नाव घेतलं आणि ओव्हनचं दार उघडून आत डोकं घातलं. लगेच बाहेर काढलं. छताला तपकिरी थेंब लोंबत आहेत. सुकलेले की ओले, ते बोट लावल्यावर कळलं. ओले. खालच्या कॉइलवर चीज जळून खपली धरली आहे, जखमेवर धरते तशी. कोपऱ्यात झुरळाचा एक पाय. उरलेलं झुरळ कुठे गेलं याचा विचार करायचा नाही असं ठरवलं. या पेटीतला पाव मी इतकी वर्षं मिटक्या मारत खातो आहे.
ऑफिसच्या इमारतीची साफसफाई माझ्या देखरेखीखाली चालते. तिथल्या संडासात माणूस जेवायला बसेल. आणि माझ्या घरात हे.
संकल्प: ओव्हनची सफाई मी हाती घेणार. शांतपणे, कोणाला एक शब्द न बोलता.

सोमवार, संध्याकाळी.
बोललो. हिला म्हटलं, तुझा ओव्हन बघवत नाही. ही म्हणाली, अहो, मग बघू नका. शनिवारी दवाखान्याच्या कॅन्टीनला नमुन्याचे पाव द्यायचेत, पसंत पडले तर रोजचं काम मिळेल, तोवर हात लावू नका.
शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट केक खाऊ घालण्यात हिची उमेद गेली. आता पहिल्यांदा कोणी विकत मागतंय. झोपेतही पावाबद्दल बोलते. मला आनंदच आहे. म्हणूनच ओव्हन स्वच्छ हवा. आजारी माणसं खाणार.

बुधवार, ६.
कुठलीही वस्तू साफ करण्याआधी समजून घ्यावी. आमच्या गावच्या शाळेत वीज नव्हती, पण विजेचा धडा होता. गुरुजींनी फळ्यावर स्प्रिंगसारखी तार काढली, तिच्यावरून लाल खडू फिरवला आणि म्हणाले, इथे विजेची वाट अडते, म्हणून तार तापते. ओव्हनच्या पुस्तिकेतही तेच आहे. कॉइल म्हणजे बाहेरून धातूची नळी, आत बारीक वेटोळ्यांची तार. ती विजेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही आणि त्या ओढाताणीत लाल होते. खालची कॉइल पाव शिजवते, वरची रंग आणते. पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, निवलं की पुन्हा जोडतो.
बराच वेळ विचार करत बसलो. माझा स्वभाव असाच. आत तार लाल, बाहेरून नळी शांत.
पुढची पानं देखभालीची होती. ती वाचली नाहीत. देखभाल हा माझा धंदाच आहे.

शुक्रवार, ८.
ऑफिसातून हिरवं लिक्विड आणलं, टाइल्सवर मारतो ते. ही बाजारात गेल्यावर भिंतींवर, जाळीवर, दोन्ही कॉइलवर मनसोक्त फवारलं. काळा चिकट रस ओघळू लागला, शेंबडासारखा. दोनदा ओकारी आली, गिळली. कॉइल तारेच्या घासणीने घासून चकचकीत केल्या. धुवायचं राहिलं, कारण ही परत आली. हरकत नाही, तापल्यावर उडून जाईल.

शनिवार, ९.
उडालं नाही. पावात गेलं. कॅन्टीनच्या बाईंनी एक पाव फोडला, नाकाशी नेला आणि हिला विचारलं, ताई, हे भाजता कुठे तुम्ही? घरी येऊन हिने हे सगळं माझ्याकडे बघत सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, हा पाव खाल्ला की फ्लश करावंसं वाटतं. हल्लीच्या मुलांच्या विनोदाला पातळी नाही.
बाईंनी पुढच्या शनिवारी पुन्हा यायला सांगितलं आहे. शेवटचं म्हणून. म्हणजे नुकसान काहीच नाही.
जेवताना ताटाशेजारी पुस्तिका उघडून ठेवलेली. एका ओळीखाली रेघ: कॉइलवर काहीही फवारू नये, घासू नये, पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी संडास साफ केलेला दिसत नाही.

रविवार, १०.
हिने सगळा ओव्हन ओल्या फडक्याने पुन:पुन्हा पुसला, कोरडा केला, रिकामाच तापवला. वास गेला. मी देखरेख केली.
नवा संकल्प: घाण साफ करत बसण्यापेक्षा ती होऊच द्यायची नाही.

सोमवार, ११.
अॅल्युमिनियम फॉइलची गुंडाळी आणली. तळाच्या ट्रेवर अंथरली. मग वाटलं, कॉइल तरी उघडी का? तिलाही नीट गुंडाळली. आतून ओव्हन चांदीच्या देव्हाऱ्यासारखा दिसू लागला. समोर बसून राहिलो. अनेक दिवसांनी मन प्रसन्न.
हिला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गवगवा मला आवडत नाही.

मंगळवार, १२.
ही आधी ओव्हन तापवते, मग दार उघडते. आजही तापत ठेवला आणि थोड्या वेळाने आतून फट असा आवाज आला आणि घरातली वीज गेली. दार उघडलं. फॉइल काळं होऊन कॉइलला चिकटलेलं, भाजलेल्या कातडीसारखं. कॉइलला फोड आलेला, तो फुटलेला आणि त्यातून पांढरं पीठ गळत होतं. मला किळस आवरेना. हिला म्हटलं, बघ, तुझा मैदा पार नळीच्या आत गेलाय. ही फ्यूज बघायला निघून गेली. एवढी घाण केल्यावर समोर थांबणार कशी.
मैदा काडीने कोरून कोरून काढला.

बुधवार, १३.
फुटलेली कॉइल घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटर इतका तेलकट की कोपर उचलताना आवाज झाला. दुकानदाराने कॉइल उलटसुलट करून विचारलं, साहेब, यातली पावडर कुठाय? म्हटलं, मैदा होता, काढून टाकला. त्याने आतून भावाला बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं.
ती पावडर म्हणे कारखान्यातच ठासून भरतात. उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही, तारेला नळीला टेकू देत नाही. फॉइलने उष्णता कोंडली, म्हणून नळी फुटली. मग हसू आवरून त्याने विचारलं, कोरताना प्लग काढला होता ना? आठवेना.
घरी येऊन देवापुढे नेहमीपेक्षा जास्त बसलो. हिला सांगितलं, कॉइल वयोमानाने गेली. ही म्हणाली, हो का.

गुरुवार, १४.
प्लग काढून नवी कॉइल बसवली. चालू केली तर धूर. नव्या कॉइलचा पहिला धूर निघतोच, रिकामा ओव्हन तापवून तो जाऊ द्यायचा, असं दुकानदाराने बजावलं होतं. पण तो वास! आत कोणीतरी मरून पडल्यासारखा. ओव्हन बंद केला. हात आपोआप हिरव्या बाटलीकडे गेला.
ही दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. म्हणाली, अहो, ठेवा ते खाली. कुत्र्याच्या तोंडात चप्पल असली की बोलतात त्या आवाजात.

शनिवार, १६.
उठलो तर स्वयंपाकघर रिकामं. पीठ नाही, साचे नाहीत, ही नाही. अंधारातच मागच्या गल्लीत बहिणीकडे गेली होती. पाव तिथे भाजले.
पसंत पडले. सोमवारपासून रोज. मला हे मुलीकडून कळलं.
उरलेला एक पाव खाल्ला. मऊ, वरून सोनेरी, वास उत्तम. मेहुणीचा ओव्हन मी पाहिलेला आहे. आमच्यापेक्षा भयंकर.
संध्याकाळी मेहुणीचा फोन. भावोजी, रोजच्या कामाला माझा ओव्हन लहान पडेल, तुमचा आणून द्याल का? आणि ती बाटली तुमच्याकडेच राहू द्या.

रविवार, १७.
खूप विचार केला आणि निर्णय घेतला. निर्णय माझाच. हिने फक्त बोलून दाखवला होता.
ओव्हन मी एकट्याने उचलून जिना उतरवला, मागच्या गल्लीत नेला. मेहुणीने दारातच हातातून घेतला. ही तिथेच होती. तिने आधी ओव्हनचं दार उघडून खालची कॉइल वाकून तपासली, मग म्हणाली, आता तुम्ही घरी जा. उद्यापासून ती पहाटे जाणार, दुपार टळल्यावर येणार.
घरी आलो. ओट्यावर ओव्हनच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला आहे. सगळा ओटा पुसून त्याच्यासारखा केला. हात धुतले. बसलो.
तो तेलकट, जळका वास गेला. घरात आता कसलाच वास येत नाही. सुटीच्या दिवशी ऑफिसात येत नाही, तसा.