अण्णांची कवळी

३ मार्च
माझ्या हातांनी केलेलं: दुकानातलं कवळ्या घासायचं यंत्र, शिलाई मशीनच्या मोटारीवर चालणारं. साचे वाळवायची भट्टी. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, खाटेचा कठडा. आणि त्यांची कवळी – वरची, खालची. सगळं बघून बघून शिकलो, कॉलेजची पायरी चढलो नाही. कवळीची कड मी इतरांपेक्षा खोल उतरवतो, हिरडी घट्ट धरते. अण्णा शिंकले तरी हलत नाही. पदवीवाल्यांच्या कवळ्या जांभईत बाहेर येतात!

५ मार्च
कवळ्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. चकचकीत बूट, बोटांवर एक डाग नाही. माझ्या कडेच्या कवळ्या त्यांना कारखान्यात काढायच्या आहेत. आकडा ऐकवला. विचार करतो म्हटलं. बसू दे ताटकळत.

६ मार्च
अण्णांचं विसरणं दोन वर्षांपासूनचं. पण या आठवड्यात पारच बिघडले. हिला विचारतात, बाई तुम्ही कोण. चमचा भिरकावतात. मेंदूचे मोठे डॉक्टर म्हणाले, अल्झायमर पुढे सरकला. तो मागे कधी सरकतो? एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा!

८ मार्च
जावईबापू आले. उंदरांच्या मेंदूवर संशोधन करतात – उंदीर तरी यांचं ऐकत असतील. म्हणे हा आजार अशी आठवड्यात उडी मारत नाही. अंगात कुठे पू झाला की पेशी रक्तात निरोप सोडतात, सायटोकाइन नावाच्या रेणूंचा: सूज आणा, लढा. निरोप मेंदूपर्यंत पोचतो. तिथल्या राखणदार पेशी अल्झायमरने आधीच चिडलेल्या. त्या आणखी पिसाळतात, घरातच तोडफोड करतात. लघवी तपासा, छाती तपासा, तोंड बघा.
तोंड! मी म्हटलं, "तोंडाचं मला शिकवू नका." उंदीर कवळी लावत नाहीत.

१० मार्च
लघवी स्वच्छ, छाती स्वच्छ. मुद्दाम जावयाला फोन करून कळवलं. त्याने एवढंच विचारलं, "बाबा, कवळी शेवटची कधी काढली?"
फोन ठेवला. शहाणा!
काढायला गेलं की अण्णा चावतात. झोपताना तरी काढू या, असं हीच म्हणाली होती. राहू दे, माझी कवळी रात्रंदिवस ठेवली तरी चालते, असं मी सांगितलं. महिना झाला असेल.

११ मार्च
काढली. अण्णा चावले नाहीत, माझं मनगट धरून राहिले. खालची हिरडी चिरलेली, आत पू, वास. बरोबर माझ्या कडेच्या रेघेवर.
गल्लीतल्या दंतवैद्याकडे नेलं. याला मी आजवर पक्कडवाला म्हणत आलो. त्याने पू काढला, औषध दिलं, कवळी हातात घेऊन बोट कडेवरून फिरवलं. बोलला असता तर भांडता आलं असतं.

१६ मार्च
अण्णा हिला म्हणाले, "सूनबाई, याला जेवायला वाढलंस का?" याला म्हणजे मला. ही तशीच आत निघून गेली.
जावयाने बजावलं, आजार आहे तिथेच आहे, आगीत पडलेलं तेल तेवढं कमी झालं. पूर्वीसारखे होणार नाहीत. बढाई मारली नाही. तेवढीही सोय ठेवली नाही मला.

१८ मार्च
कंपनीचा माणूस पुन्हा आला. कडेचे नऊ लाख देत होता. नाही म्हटलं.