धुतलेले हात

रामदासपेठ, नागपूर

प्रिय आईले,
उन्नतीचा दुरूनच वाकून नमस्कार.

नर्सिंग शिकता शिकता सोमवारी मी पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरात गेली वं! पाच मिनिटं कोपरापर्यंत हात घासून धुतले अन् तसेच वर धरून उभी राहिली. धुतल्यावर कशालेच हात लावू देत नाही इथं.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. सगळे केस पांढरे. तू लहानपणापासून शिकवलं तशी मी झटकन वाकली अन् दोन्ही हातांनी त्यायच्या पाया पडली! सर म्हणाले, "सुखी राहा पोरी. आता जा, पुन्हा पाच मिनिटं हात धू." मग सगळे हसले, टेबलावरचा पेशंटही. त्याले अजून भूल द्यायची होती.

आता उलटं होऊन राहिलं. काल मेसच्या लायनीतही मी हात वर करून उभी. मैत्रीण म्हणे, "काहून वं, पोलिसानं पकडलं का?"

जेवण चांगलं आहे, काळजी करू नको. बाबा कसे आहेत? तुह्या पायाची सूज उतरली का? फोनवर तू नुसतं "काही नाही" म्हणतं.

दिवाळीले आली की आधी तुह्या पाया पडीन. पडतानीच अंगठ्यानं दाबून सूज पाहीन. हे हात आता फसत नाही वं.

तुही,
उन्नती