आखूड कानाचं गाढव आणि निळं बटण

ता. ९ मार्च, रविवार
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. थोरल्या,
अनेक आशीर्वाद.

पत्र कोणाचं म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसू नकोस. मी तुझी आई. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसते, हातात कातर असते, डावा गुडघा दुखतो. तुझी स्मरणशक्ती मला ठाऊक आहे, म्हणून आधी ओळख करून दिली. शाळेत जाताना तू दप्तर विसरायचास. मी मागून पळत यायची आणि तू म्हणायचास, "अगं, मला वाटलं ते पाठीवरच आहे." मोठा झालास तसा विसरायच्या वस्तूही मोठ्या झाल्या, एवढाच काय तो फरक.

इकडे सगळे बरे आहेत. तुझा धाकटा भाऊ त्याचा मालाचा ट्रक घेऊन कालच परत आला. शिलाई मशीनचा पट्टा बदलला, आता ते कुरकुरत नाही. माझ्या नातवाचा दात पडला का? पडला असेल तर त्याला म्हणावं, आजीचे सगळे पडले तरी तिचं बोलणं थांबलेलं नाही, तेव्हा काळजी करू नकोस.

अक्षर धाकटीचं, तुझ्या भावजयीचं आहे. मी सांगेन ते शब्दन् शब्द लिहायचं, मध्ये स्वतःचा गोडवा मिसळायचा नाही, असं तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलंय. लिहून झाल्यावर ती वाचून दाखवेल. मला अक्षर कळत नाही, पण वाचणाऱ्याचा चेहरा कळतो. काही गाळलं तर लगेच समजेल.

तुझ्या हत्तींचं ऐकलं. फार वाईट झालं हो.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी कापूस पिंजत होते. धाकटीनं नेहमीसारखा फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला होता, हेही तू विसरलास. सगळं ऐकलं मी. त्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानानं तुझ्या दुकानाकडे केलेली मागणी, हत्तीण, हत्ती आणि पिल्लू असं अख्खं कुटुंब, थप्पीच्या थप्पी कापड कापून झालेलं, आणि शिवून कापूस भरायला घेतला तर हत्तीची सोंड शिवणीतून उसवून खाली आली. पिल्लाच्या पायांत बोटसुद्धा शिरेना. मग तू धाकटीला म्हणालास, "तुला एक काम धड जमत नाही. त्या बटणाला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं होतं मी?" ती सांगत होती की भावजी, मी नाही दाबलं, आणि नवे फोटोही मी परत टाकले होते. तू तिला खोटारडी म्हणालास.

त्यानंतर ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मला ऐकू जाऊ नये म्हणून. माझे कान म्हातारे झालेत, पण दोन कपबशा विसळायला किती पाणी लागतं ते मला कळतं.

आता जरा मागचं सांगते. तुला विसर पडला असेल, आणि धाकटीलाही सगळं एका ओळीत कधी ऐकायला मिळालेलं नाही.

हा कॉम्प्युटर तू आणून बसवलास. म्हणालास, "आई, तुझे बेतायचे कागद जळतील, भिजतील, उंदीर खातील. धाकटी त्यांचे फोटो काढून या फोल्डरमध्ये टाकत जाईल, ते आपोआप वर ढगात जाऊन बसतील. घर जळालं तरी तुझे प्राणी जिवंत." किती बरं वाटलं मला. आयुष्यभर तपकिरी कागदावर ससे, अस्वलं, कासवं कापली. कुठं नाव घालता येत नाही म्हणून प्रत्येकाच्या कानामागे निळ्या दोऱ्याची एक गाठ घालत आले. ती माझी सही. ती ढगात जाईल की नाही, एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

वर गेलेलं तुझ्या दुकानात खाली उतरतं, हे तू सांगितलं नव्हतंस.

ते कळलं गाढवामुळे. समोरच्या बाईंच्या नातीनं तिचं गाढव आणलं, पोट फाटलं होतं, शिवून द्या म्हणाली. हातात घेतलं आणि उलटून कानामागे बघितलं. गाढव माझं, पण मी शिवलेलं नाही. कापड भारी, टाके मशीनचे, कानामागे गाठ नाही. आणि उजवा कान आखूड. तुला आठवतं का तो कान आखूड का आहे? तूच इस्त्री कागदावर ठेवून पतंग बघायला पळाला होतास. कागदाचा कोपरा जळाला, मी उरलेल्या कागदावर कान कापला, आणि आखूड कानाचं गाढव मुलांना जास्त आवडलं म्हणून तसंच ठेवलं. त्या गाढवाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्यावर तुझ्या बायकोचा हसरा फोटो. त्या नातीनंच वाचून दाखवलं. थोरलीनं म्हणे लहानपणी रस्त्यावर एका कानानं अधू गाढव पाहिलं, तिचं मन हेलावलं, आणि त्यातून हे जन्माला आलं.

मी पोट शिवून दिलं. कानामागे गाठ घातली. नातीला म्हटलं, आता हे खरं झालं.

तुला फोन करून विचारायला हवं होतं, असं धाकटीनं आत्ता लिहिता लिहिता म्हटलं. विचारलं असतं. पण तू घरी येऊन दोन वर्षं होत आली, आणि फोल्डर मात्र तू रोज उघडत होतास. कोणी कधी उघडला ते त्यात दिसतं, धाकटीनंच मला एकदा दाखवलं होतं. आईच्या कपाटात रोज हात घालणाऱ्या आणि आईच्या दारात न येणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

मग हत्ती आले. "आई, हत्तीचं एक कुटुंब बेत ना, नातवासाठी." नातवासाठी म्हणालास तू. मी बेतलं. तीनदा कापून, तीनदा शिवून, सोंडेची वळणं जमेपर्यंत. मला इतका चांगला प्राणी याआधी जमला नव्हता. मग मी मूळ कागद गादीखाली ठेवले, त्यांची नक्कल कापली, आणि त्या नकलेच्या कडेची माया, म्हणजे शिलाईसाठी आकाराबाहेर सोडतो ती जागा, सगळीकडून अर्धं बोट कातरून टाकली. तेवढी गेली की टाका घालायला कापडच उरत नाही. धाकटीनं विचारलं, कडा का कापल्या? म्हटलं, मळल्या होत्या. बिचारीनं पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले आणि टाकले फोल्डरमध्ये. गेले वर.

इथं धाकटीनं पेन खाली ठेवलं आहे आणि माझ्याकडे बघते आहे. मी म्हटलं, लिही, अजून तुझ्या कामाचं यायचंय.

तर थोरल्या, ही मुलगी तू समजतोस त्यापेक्षा डोळस आहे. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आलं की यात माया सुटलेली नाही. गादी उन्हात टाकताना तिला मूळ कागदही सापडले. म्हणाली, आई, भावजींचं कापड वाया जाईल, मी लगेच बरोबर फोटो टाकते. ती दोरा आणायला बाजारात गेली होती, आल्यावर टाकणार होती. मला वाट बंद करायची होती, आणि हातात तेवढाच वेळ होता.

वाट कशी बंद होते, ते मला तूच शिकवलंस. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की एक चौकोन वर येतो, नवीन सिस्टिम आली आहे, घालू का, म्हणून विचारतो. तू फोनवर ओरडून सांगितलं होतंस, "ती घालू नका. आपलं ढगाचं सॉफ्टवेअर जुनं आहे, नव्या सिस्टिमवर ते चालणार नाही, सगळं अडकेल." धाकटी रोज पांढरं बटण दाबून चौकोन घालवायची. मी रोज बघायची. शेजारी एक निळं बटण असायचं.

वाचता येत नाही, पण निळा रंग मला चांगला ओळखता येतो.

दाबलं. कॉम्प्युटर बराच वेळ स्वतःशी पुटपुटत बसला, बंद पडला, उठला. कोपऱ्यातला तो छोटा ढग राखाडी झाला होता आणि त्याच्या अंगावर आडवी रेघ आली होती. धाकटी आली, तिनं बरोबर फोटो फोल्डरमध्ये टाकले, आणि तिला वाटलं गेले. ते इथंच राहिले. तुझ्याकडे अरुंद हत्ती, माझ्याकडे खरे.

म्हणून लिहायला बसवलं तिला. बटण मी दाबलं. खोटारडं कोणी असेल तर मी आहे, आणि मी तुझी आई आहे, मला तसं म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण.

धाकटी उठून गेली होती. चहा करून आली. चार दिवस ती स्वतःला दोष देत होती, आणि मी शेजारी बसून कापूस पिंजत होते. तिनं चहा समोर ठेवला. त्यात साखर नाही. मी गुपचूप पिते आहे.

शुक्रवारी कॉम्प्युटरवाला येऊन गेला. भला माणूस, बूट दाराबाहेर काढले. म्हणाला, जुनी सिस्टिम परत घालायची तर आधी सगळं पुसावं लागेल. कंपनीनं नव्या सिस्टिमसाठी नवं सॉफ्टवेअर काढलंय, ते घालता येईल, पण ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या फोनवर आकडा येतो, तो सांगितल्याशिवाय ते उघडणार नाही. धाकटीनं बघून सांगितलं, खातं थोरलीच्या नावावर आहे. माझ्या खिडकीपाशी माझ्या कातरीनं झालेली कामं, आणि आत शिरायला तुझ्या बायकोला विचारायचं. मी त्या माणसाला म्हटलं, राहू दे, ढग तसाच राखाडी राहू दे. त्याला कोरा चहा पाजून पाठवला.

तुला एक गोष्ट मात्र विचारायची आहे. इतकं कापड एकदम कापलंस कसं? लहानपणी या टेबलाखाली चिंध्या वेचत बसायचास तेव्हा मी रोज सांगायची, पहिला एक शिवून बघायचा, मग बाकीचे कापायचे. एक पिल्लू जरी आधी शिवून पाहिलं असतंस तरी माझा सगळा डाव तिथंच फुकट गेला असता. मी बटणावर भरवसा ठेवला नव्हता. तू हे विसरशील, यावर ठेवला होता.

आता पुढचं. त्या मोठ्या दुकानाला मी हत्तीचं कुटुंब पाठवलं आहे, धाकट्याच्या गाडीतून, कानामागे गाठी घालून. तिथल्या बाईंचा त्याला काल फोन आला. पिल्लाची सोंड त्यांनी म्हणे तासभर सोडली नाही. विचारत होत्या, हे कोणी केलं, आणि आधी ज्यांनी नुसतं चित्र दाखवून मागणी घेतली त्यांचं काय. उत्तर मी अजून दिलेलं नाही. पुढच्या रविवारी देणार आहे.

तोवर तुला जे करायचं ते असं. धाकटीला फोन कर आणि तिची माफी माग. मोठ्या आवाजात, फोन टेबलावर असेल. मग ती कार्डं सगळ्या प्राण्यांच्या गळ्यातून काढ. थोरलीला फोटोची हौस असेल तर भिंतीवर लाव. आणि मग इथं ये, स्वतः, पायांनी. या टेबलाशी बसून मूळ कागदावरून तुझ्या हातानं नक्कल कापून ने, माया सोडून. मी शेजारी बसेन आणि चुकलास तर सांगेन. पहिलं पिल्लू इथंच शिवायचं. गाठ मी घालीन. तसं केलंस तर त्या बाईंना सांगेन की हत्ती माझे आणि शिलाई माझ्या थोरल्याच्या दुकानाची.

आला नाहीस तर गाढवाच्या कानाची गोष्ट मी त्यांना इस्त्रीसकट सांगणार आहे. मला गोष्टी चांगल्या सांगता येतात, हे तू तरी विसरला नसशील.

धाकटीनं सगळं वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. इस्त्रीपाशी हसली. माफीपाशी जरा घाईनं पुढे गेली, म्हणून ते मी परत एकदा वाचून दाखवायला लावलं.

खाली अंगठा उठवत नाही. अंगठा कोणाचाही असू शकतो. कागदाला सुईनं भोक पाडून निळ्या दोऱ्याची गाठ घातली आहे. ती कोणाची, ते तुला सांगायला नको.

तुझी,
आई

ता. क. हात हलवत येऊ नकोस. आणि स्वतः येणार नसशील तरी अक्रोड मात्र पाठव, मोठी पिशवी भरून. थोरलीला सोलून द्यायला लावू नकोस, कवचासकट हवेत. दात नाहीत मला, पण हातोडी आहे, आणि फोडताना तुझी आठवण काढायची आहे.