जुनं शेत ठेवू की नवं?

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिन्याशी जुळवून घेऊ लागला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. गेल्या आठवड्यात हे वाक्य लिहायला हात धजत नव्हता, म्हणून पत्राला उशीर.

त्या सोमवारी सकाळी आंघोळ आणि नामस्मरण उरकून मी तुमच्या भाचीचा जुना लॅपटॉप कपाटातून काढला, पुसला आणि तुमच्या बहिणीसाठी टेबलावर मांडून ठेवला. घरचा कॉम्प्युटर आदल्या दिवशी दुरुस्तीला टाकला होता (सुरू होताना तो विमानासारखा आवाज करी, पण जागचा हलत नसे). हिची सकाळ चुकू नये, एवढाच माझा हेतू. चांगल्या हेतूने केलेल्या कामांची मला हल्ली धास्तीच वाटते.

तुम्हाला ठाऊक आहे, या मायलेकी मिळून एकच शेत करतात. खेळातलं. पोरगी नोकरीसाठी लांब गेली तेव्हा दोघींचं चांगलंच वाजलं होतं आणि अजूनही फोनवर 'जेवलीस का'च्या पुढे गाडी गेली की ठिणगी उडते. शेतात मात्र सगळं गोडीगुलाबीने. सकाळी ही पाणी घालते, संध्याकाळी ती कामावरून येऊन तण काढते, आणि बांधावर लाकडी पाट्या रोवून दोघी एकमेकींना निरोप लिहितात. 'आई, कोबीला हात लावू नकोस.' 'लावला. झोपतेस ना नीट?' 'इथे करमत नाही गं, बाबांना सांगू नकोस.' (बाबा चहाचा कप घेऊन मागेच उभे असतात.) माझा खेळाशी संबंध एवढाच. या वयात बटणं दाबून कोबी पिकवणं आपल्याला शोभत नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो आहे.

तर लॅपटॉप सुरू केला. खेळाने विचारलं, दोन शेतं सापडली आहेत, एक या यंत्रातलं जुनं आणि एक इंटरनेटवर ठेवलेलं नवं, यातलं कुठलं ठेवू? आता माझी हयात गेली किल्ल्या बनवण्यात. गिऱ्हाइकाने दोन किल्ल्या पुढे केल्या की मी जुनी मागून घेतो. नकलेवरून नक्कल काढत गेलं की दाते बिघडतात आणि शेवटी कुलूप ओळख दाखवत नाही. शिवाय थोरांचा मान आधी, हे गावच्या शाळेत गुरुजींनी पट्टीने शिकवलेलं. मी देवाचं नाव घेतलं आणि 'जुनं' दाबलं.

शेत उघडलं ते पोरगी घरात होती तेव्हाचं. कोबी नाही, कोंबड्या नाहीत, बांधावर एकही पाटी नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला की आता पोरीकडेही हेच दिसणार, आणि काका, यंत्राने तुम्हाला विचारलं होतं ना? (विचारलं होतं. तेच तर दुःख आहे.)

हिला मी सांगितलं, इंटरनेट बंद आहे. ती रोज सकाळी चहा घेऊन मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसू लागली. फोन कर की, म्हटलं, तर म्हणाली, फोनवर काय बोलायचं? आणि एका दुपारी पोरीचा फोन दुकानात आला.

"बाबा, आईने माझ्या पाट्या काढून टाकल्या का?"

मी नाही म्हणालो. गिऱ्हाईक आलंय असं सांगून फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. मी समोरच्या किल्ल्यांच्या फळीकडे पाहत देवाला विनवीत बसलो. असे काही दिवस गेले.

मग ही डबा घेऊन दुकानात आली. फळीवरच्या खिळ्यावरून काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं.

"ही कुठल्या कुलपाची?"

पेन ड्राइव्ह! मेहुणेबुवा, जादा किल्ली करून ठेवल्याशिवाय मी कुठल्याही कुलपाला हात लावत नाही. त्याच सवयीने कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकण्याआधी अख्खं शेत उतरवून खिळ्याला अडकवलं होतं आणि साफ विसरलो होतो. ज्या खिळ्याकडे बघून देवाला साकडं घालत होतो, तिथेच देवाने उत्तर टांगून ठेवलेलं.

डबा तसाच ठेवून, शटर ओढून आम्ही घरी आलो. पेन ड्राइव्हवरचं शेत लॅपटॉपमध्ये परत उतरवलं. खेळाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी नवं ते यंत्रातलं होतं; 'नवं' दाबलं आणि एकेक पाटी उभी राहिली. तेव्हा हिला सगळं सांगून टाकलं. ती पाट्यांवरून नजर न हलवता म्हणाली,

"मी बघितलं होतं तुम्ही दुकानात गेल्यावर. मला वाटलं, तिनेच काढल्या."

मग तिने स्वतःहून पोरीला फोन लावला. दोघी खूप वेळ भांडल्या, माझ्या नावाने हसल्या. मी गार झालेला डबा आणायला गेलो. इतकं चविष्ट जेवण बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तुमचा,
किल्लीवाला

ता. क. सोबत पेन ड्राइव्ह पाठवतो आहे. तुमच्या कपाटात ठेवा. कशालाही जोडू नका, विशेषतः चांगल्या हेतूने.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. आज शेतात नवी पाटी दिसली, 'बाबा, कोपऱ्यातला वाफा तुमचा. जुनं बियाणं चालणार नाही.' तरी पेरायचं कुठल्या बटणाने ते गुपचूप कळवा. हिला विचारायला संकोच वाटतो.

ता. क. तिसरा. कळवू नका. हिने मागे उभं राहून हे वाचलं आणि बटण दाखवलं. गाजरं पेरली.