न झालेल्या गॅरेजसह माझी सर्व मिळकत

मी, खाली सही करणारा, सरकारी बांधकाम खात्यातील निवृत्त रोलरचालक, वय वर्षे शहात्तर, गावात ‘रोलरवाले आबा’ म्हणून ओळखला जाणारा, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्याही दबावाला, आग्रहाला किंवा रुसव्याला बळी न पडता माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला वाचून माझी पत्नी त्यांना म्हणाली, "आत्ता आहे हो ठिकाणावर. बांबू रोवले तेव्हा बोलवायला हवं होतं तुम्हाला." बांबूंची हकिकत कलम पाचमध्ये येईल.

वकिलांनी बजावले आहे की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, हकिकत लिहू नये. परंतु माझी सर्वांत मोठी मिळकत ही न झालेली मिळकत असल्याने हकिकतीशिवाय तिचा पत्ता लागणार नाही.

कलम १. गावाबाहेर, उतारावर असलेले माझे घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, तसेच घरातील सर्व वस्तू मी माझ्या पत्नीस देत आहे. तिच्यामागे घर मुलाचे. मात्र तिच्या हयातीत तिला कोणीही "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय" अशी सुरुवात करून शहरात नेऊ नये. या वाक्याने सुरू झालेले काहीही आजवर तिच्या भल्याचे निघालेले नाही. त्यातली निम्मी वाक्ये माझी होती.

कलम २. दहा टनी डिझेल रोलर एक, सुट्या भागांसाठी घेतलेला बंद रोलर एक, डांबर वितळवण्याची टाकी एक. पहिला रोलर मी एकतीस वर्षे चालवला. खात्याने तो भंगारात काढला तेव्हा लिलावात मी एकटाच उभा होतो. घरी आणला त्या दिवशी पत्नीने त्याचे नाव ‘थोरली’ ठेवले. "सकाळी उठून आधी तिला पुसता, मग माझ्या हातचा चहा पिता. म्हणजे मी धाकटीच," असे तिचे म्हणणे.

वरील तिन्ही वस्तू व सर्व हत्यारे मुलीस द्यावीत. तिचे वेल्डिंगचे दुकान आहे व तिला पान्याचे आकडे न बघता पाना ओळखता येतो. मुलाला हत्यारे देऊ नयेत. त्याने एकदा माझ्या पान्याने खिळा ठोकला होता. मी त्याला माफ केले आहे, पण विसरलेलो नाही.

कलम ३. रेडिओ जावयास. आवाज आपोआप वाढतो. तो त्याचा दोष आहे, जावयाचा नाही.

कलम ४. गॅरेजचे कागद, एक जाड फाइल, मुलास.

रोलर उघड्यावर गंजू लागला, म्हणून मी घराशेजारी गॅरेज बांधायचे ठरवले. लांबी साठ फूट, रुंदी पस्तीस, उंची बावीस. एवढी उंची कशाला, असे ज्याने त्याने विचारले. इंजिन उचलायला वर चेन-कप्पी टांगावी लागते, हे मी ज्याला त्याला सांगितले. मुलगा शहरात इमारतींचे नकाशे काढतो, म्हणून नकाशा त्याच्याकडून घेतला. काढून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, हे मंजूर होणार नाही."

"का?"

"यात आपलं घर कुठं आहे ते मला शोधावं लागतंय."

नगररचना कार्यालयाने अर्ज नामंजूर केला. त्या पत्रातले वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘प्रस्तावित गॅरेज राहत्या घराच्या तिपटीहून मोठे असून, ते उभे राहिल्यास घराला गॅरेज आहे असे न दिसता गॅरेजला घर आहे असे दिसेल, सबब परिसराच्या मोकळ्या ग्रामीण स्वरूपास बाधा पोहोचेल.’ पत्नीने पत्र मोठ्याने दोनदा वाचले व म्हणाली, "इतकी वर्षं मी हेच तोंडी सांगत होते. यांनी शिक्का मारून दिलं."

दुसऱ्या अर्जात मी लांबीतून एक फूट कमी केला. नामंजूर. तिसऱ्या अर्जात ‘गॅरेज’ हा शब्द काढून ‘साधी शेड’ असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आबा, नाव बदललंत, पोट तेवढंच आहे." तोही नामंजूर. मंजुरी येणारच या भरवशावर आणून ठेवलेल्या सिमेंटच्या गोण्या तोवर वाट पाहून दगड झाल्या. मागच्या दाराच्या पायऱ्या त्यांच्याच आहेत. त्या मजबूत आहेत, कोणी काढू नयेत.

तिन्ही वेळा एकच हरकत आली होती. ती उतारावर आमच्या वरच्या बाजूला असलेल्या घरातल्या मास्तरांची. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्या खिडकीतून माझे मोकळे आवार, त्यापलीकडे शेते आणि शेवटी डोंगर असे दिसते. हरकत चार पानी होती आणि पाचव्या पानावर चित्र होते. हरकतीचा मला राग आला नाही. तो त्यांचा हक्क होता. चित्राचा आला. त्यात रोलरचे पुढचे पिंप मागे आणि मागची चाके पुढे काढली होती. उभा जन्म मुलांना चित्रकला शिकवलेल्या माणसाने रोज दिसणारी वस्तू उलटी काढावी, हे मला सहन झाले नाही. मी बोलणे बंद केले. ते चार वर्षे बंद होते. शिवाय रोज सकाळी मी रोलर पाऊण तास नुसताच सुरू ठेवत असे. इंजिनला त्याची गरज असते, असे मी सांगत असे. पाच मिनिटे पुरतात.

कलम ५. शेवटी मी अपील केले. अपील अधिकारी बाईंनी कळवले की स्थळपाहणीसाठी येऊ, तोवर गॅरेज नेमके कुठे आणि किती उंच येणार ते बांबू रोवून, दोरी बांधून दाखवा. मी आणि मुलीने तीन दिवस खपून बावीस फुटी बांबू उभे केले. दोरी नीट दिसेना म्हणून मी जुन्या ताडपत्र्या आणि घरातल्या सगळ्या चादरी शिवून चारही बाजूंना लावल्या. पत्नी दारात आली, वर पाहिले, आणखी वर पाहिले आणि म्हणाली, "सर्कस कधी सुरू होणार?" पाहणी होईपर्यंत आम्ही चादरीविना झोपलो.

पाहणीच्या दिवशी बाईंनी रस्त्यावरून पाहिले, शेतातून पाहिले, वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "आता वरच्या घराच्या खिडकीतून पाहू. तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"अपील तुमचं आहे."

चार वर्षांनी मी त्या घरात पाय ठेवला. मास्तर भिंतीशी उभे राहिले, मी दाराशी. खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांचे पाय गेल्याचे मी ऐकले होते. पलंग कुठे हलवला आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

"या भावोजी," वहिनी म्हणाल्या, जणू मी कालच येऊन गेलो होतो. "बसा ना."

बाईंनी मला खिडकीशी बोलावले. मी वाकून पाहिले. खिडकीभर माझ्या चादरी होत्या. निळ्या पट्ट्यांची आमची दोघांची चादर बरोबर मधोमध फडफडत होती. डोंगर नव्हता. शेत नव्हते. वरच्या कोपऱ्यात हातरुमालाएवढे आभाळ उरले होते.

"बांधा हो तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "तुमची वस्तू गंजतेय, मला दिसतं ना रोज इथून. डोंगर काय, मला पाठ आहे तो. डोळे मिटून बघीन."

बाहेर आल्यावर बाईंनी विचारले, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या प्रश्नाला मी नाही म्हणालो असेन.

त्याच आठवड्यात मी रोलर काढला आणि आमच्या दारापासून मास्तरांच्या दारापर्यंतची खडबडीत पाऊलवाट माती-मुरूम टाकून दाबून दिली. कोणी विचारले तर इंजिन तपासतो आहे असे सांगितले. आता वहिनींची चाकाची खुर्ची माझी पत्नी एका हाताने ढकलत आणते. दोघी मागच्या दाराशी बसून दुपारचा चहा पितात आणि बहुधा माझ्याविषयीच बोलतात, कारण मी जवळ गेलो की गप्प होतात.

कलम ६. मास्तरांच्या खिडकीसमोरचा माझ्या आवाराचा संपूर्ण पट्टा मी मास्तरांना देत आहे. अट एकच: त्यावर त्यांनी किंवा त्यांच्यामागे कोणीही काहीही बांधू नये. गॅरेज नाही, साधी शेड नाही, कोंबड्यांचे खुराडेसुद्धा नाही. ही मिळकत घेत असल्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. हे मास्तरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग मी हरकत तरी घेऊ का?" एवढ्या वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद आहे, म्हणून नोंदवून ठेवतो. रोलरचे चित्र त्यांनी दुरुस्त करून द्यावे, ही अट नाही. विनंती आहे.

कलम ७. आता जे कोणालाही माहीत नाही ते लिहितो. गेली सहा वर्षे मी गावात सांगत आलो की माझे अपील फेटाळले. ते फेटाळलेले नाही. पाहणीनंतर चौथ्या दिवशी मी स्वतः पत्र लिहून ते मागे घेतले. एवढी वर्षे भांडून आपणच मागे हटलो, हे सांगायला जीभ रेटेना. त्यापेक्षा हरलो म्हणणे सोपे गेले. त्यानंतर न्हाव्याच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, दोन लग्नांत व एका अंत्ययात्रेत मी नगररचना कार्यालयाला जे जे बोललो ते सर्व या कलमाने बिनशर्त मागे घेत आहे. विशेषतः खिडकीतल्या कारकुनांविषयी बोललेले. माझ्यामागे मुलीने त्यांना भेटून हे कलम वाचून दाखवावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचे सर्व अधिकार मी मुलीलाच देत आहे. ती वेळेवर जाते आणि आवाज चढवत नाही.

पुरवणी. सही करण्यापूर्वी वरील मजकूर पत्नीने साक्षीदारांसमोर वाचला. कलम सातपाशी ती थांबली.

"माहीत आहे मला हे," ती म्हणाली.

"कसं?"

"पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतंत. पाकीट चिकटवलं नव्हतंत. मी वाचलं, मग चिकटवलं."

"सहा वर्षं बोलली का नाहीस मग?"

"तुम्ही सगळीकडे हरलो हरलो म्हणून रडत होतात. मी म्हटलं, आयुष्यात एक चांगलं काम लपवून करताहेत, तर करू दे."

सबब कलम सातमधील ‘जे कोणालाही माहीत नाही ते’ हे शब्द तिने स्वतःच्या हाताने खोडले असून खाडाखोडीशेजारी मी व दोन्ही साक्षीदारांनी छोटी सही केली आहे. साक्षीदार क्रमांक दोन या गावात टपाल वाटतात व वाचन संपेपर्यंत त्यांचा एक पाय दारातच होता. त्यामुळे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचेल, याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि त्यास माझी कोणतीही हरकत नाही.

लिहून देणार: निवृत्त रोलरचालक (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, तेव्हा ते शुद्धीवर होते आणि जरा लाजत होते:
साक्षीदार १: गावातील डॉक्टर (सही)
साक्षीदार २: टपाल वाटणाऱ्या बाई (सही, घाईत)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा वाजता