झुंबरआत्याच्या जपाचा आकडा वीसवर आला त्याची हकिगत

वडनेर भोलजी,
द्वादशी, दुपार

सौ. अश्विनीताईला मामेभाऊ राजकुमारचा शिरसाष्टांग नमस्कार (मोबाइलवर तू वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून कागदावर). तुझी कंबर कशी आहे? खुर्चीत बसून बसून धरते असं आत्या म्हणत होती. इकडे सगळे ठीक आहेत. मी तेवढा ठीक नाही, आणि त्याला कारण तुझ्या आईची, म्हणजे आमच्या झुंबरआत्याची, भक्ती व माझा प्रोग्रॅम.

मला नोकरी लागावी म्हणून झुंबरआत्याने एक लाख रामनामाचा संकल्प सोडला (मला विचारलं असतं तर मी पन्नास हजारांवर भागवलं असतं). आळीतल्या अकरा जणी रोज दुपारी राममंदिरात माळा घेऊन बसणार होत्या. एका माळेला तुरीचा एक दाणा वाटीत टाकायचा, हा आपला जुना रिवाज. पण मला शहाणपण सुचलं. म्हटलं, मी यंत्र करून देतो. माळ झाली की बटण दाबा, पडद्यावर एकशे आठ वाढतील. आत्याने संकल्पाचं पाणीसुद्धा यंत्रासमोर सोडलं, म्हणजे आता मोजणी यंत्रावरच पुरी व्हायला हवी. चिप स्वस्तातली होती, जागा कमी, म्हणून बेरजेला मी सोळा बिटांचा कप्पा दिला. त्यात ६५,५३५ च्या वर मावत नाही, हे मी परीक्षेत अचूक लिहून आलो होतो.

पाचव्या दिवशी पडद्यावर ६५,४४८ होते. सिंधूताईंनी पुढची माळ संपवून बटण दाबलं आणि पडद्यावर आले वीस. ओव्हरफ्लोचा खरा संताप हाच आहे ताई, की कप्पा भरला, आकडा फिरून पहिल्यापासून सुरू झाला, आणि यंत्राने चकार शब्द काढला नाही. मी समजावलं की जप कुठे गेलेला नाही, या विसात ६५,५३६ मिळवा. तुझी आई म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यला? त्याले सांग," आणि रामाकडे बोट केलं. मग सत्तरीतली बाई पुन्हा पहिल्या मण्यापासून बसली. मला फार लाज वाटली.

त्याच संध्याकाळी घाईने दुरुस्ती केली. बेरीज मर्यादेबाहेर चालली की आकडा मर्यादेवरच थांबवायचा. थांबला, अगदी आज्ञाधारकपणे. पुढच्या आठवड्यात ६५,५३५ वर जो बसला तो हलेना. दुपारभर अकरा जणी माळा ओढताहेत आणि आकडा तोच. सत्यभामाबाईंना वाटलं, देवाने जप घेणं बंद केलं. सिंधूताई (गणिताच्या निवृत्त मास्तरीण, माझं नशीब) चष्मा पुसत म्हणाल्या, "ह्या आकड्याले एकशे आठनं भागच जात नाही बाप्पा." म्हणजे दोन्ही वेळचा मिळून सव्वा लाखाच्या वर जप होऊनही संकल्प अपुराच, आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघताहेत.

शेवटी तू मागेच सांगितलं होतंस ते केलं. कप्पा बत्तीस बिटांचा घेतला, आणि मिळवण्याआधी जागा आहे का ते विचारायचं. नसेल तर बेरीज करायचीच नाही, जुना आकडा जपून ठेवायचा आणि मोठ्याने भोंगा वाजवायचा. सगळ्या मिळून तीन ओळी झाल्या. त्या आधी लिहायला मला कुणी अडवलं होतं, हे माझ्या आईने चार वेळा विचारलं. तिसऱ्यांदा पहिल्या मण्यापासून मोजत काल एकादशीला १,००,००८ भरले, सर्वांना प्रसाद मिळाला, मला सर्वांत शेवटी.

दाजींना नमस्कार.

तुझा,
राजकुमार

ता. क. : तुमच्या कंपनीत जागा निघाली आहे असं ऐकतो. माझी माहिती सोबत जोडली आहे, साहेबांपर्यंत पोचव. वरचं सगळं त्यांना दाखवायची गरज नाही.

ता. क. दुसरा : आत्याने पत्र वाचून घेतलं आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहायला लावले : "अश्विनी, पोराले नोकरी लावून दे, पन मोजाचं काम देऊ नोको. आता दुसरा लाख माह्याच्यानं होत नाही."