टिप्याचा ओठ

प्रिय ताई,

दहाव्याला कावळा शिवला नाही, त्याचा जाब विचारायला हे लिहीत नाही. काल संध्याकाळी जे घडलं ते कुणाला तरी सांगायला हवं. तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती घाबरेल. आणि घड्याळजीसारखा माणूस असलं काही बोलतो म्हणून आळी हसेल ते वेगळंच!

टिप्याच्या डोळ्याखालची सूज तू पाहिली होतीस. वरची मोठी दाढ. किटण चढून हिरडी सुटलेली. त्याच आठवड्यात तू गेलीस. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "बैलाचं काय ते सांगा हो. कुत्र्याच्या तोंडात घातलेली बोटं मला परत कोण देणार?"

म्हणजे पुन्हा आपणच. दर रविवारी तू पडवीत पाटावर बसायचीस. टिप्याची हनुवटी मांडीवर घ्यायचीस, "आ कर, शहाण्या" म्हणत वरचा ओठ दोन बोटांनी उचलायचीस. मी तार घासून घासून केलेल्या आकडीने त्याचे दात खरवडायचो. सातवी नापास माणसाचं हत्यार, पण हिरडीला कधी ओरखडा आला? सांग!

"काम माझं, तू नुसतं धरतेस," असं मी म्हणायचो.

"नुसतं धरून बघ की एकदा," तू म्हणालीस. मी कधी धरलं नाही.

दहाव्याला मांडवीच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. घराचं बघतो, तुझ्या कलमांचं बघतो, सगळं बोलून झालं. कावळे माडावरून हलेनात. तुझा जीव कुठे अडकलाय ते मला ठाऊक होतं ग! पण भटजींसमोर कुत्र्याच्या दाढेचं नाव कसं घेऊ? पुटपुटलो. मुंबईच्या चुलतभावाने, बाळूने, नेमकं ऐकलं. "मोठ्याने बोल रे, कावळ्याला ऐकू नाही गेलं!" शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

काल सारी आळी टीव्हीवरच्या सिनेमाला गेली होती. आठवडाभर माझा हात जवळ गेला की टिप्या दात विचकत होता. काल आपणहून तुझ्या रिकाम्या पाटाशी गेला आणि हनुवटी वर करून बसला. खाली काहीच नव्हतं, ताई. पाटापासून वीतभर वर ती टेकली होती. मान जरासुद्धा हलत नव्हती.

मी दिवा जवळ ओढला. दाढ हलवली, फिरवली, उपसून काढली. तो कण्हलासुद्धा नाही. मग माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. उजव्यात चिमटा. डाव्यात कापूस. मग ओठ कुणी उचलून धरला होता?

त्या ओठावर शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते. बोटांएवढे. मी "ताई" म्हटलं, तसा तो हळूहळू खाली आला. कुणीतरी जपून सोडावा तसा.

आज सूज उतरू लागली आहे. टिप्या भात जेवला. पण दुपारी परत पाटाशी जाऊन तसाच बसला. दाढ तर निघाली ना? मग आता कुणासाठी थांबली आहेस? माझ्यासाठी? धाकट्यावर एवढाच भरवसा?

तर ऐक. येत्या रविवारी त्या पाटावर मी बसेन. ओठ मीच धरीन, "आ कर, शहाण्या" मीच म्हणेन. आकडी एका हाताने चालवायला शिकेन, आजवर सगळं शिकलो तसंच. "नुसतं" हा शब्द मात्र पुन्हा तोंडातून काढणार नाही.

तू आता हात काढून घे. टिप्याच्या हनुवटीचं वजन माझ्या मांडीवर आलं, की मी समजेन.

तुझा धाकटा,
वसंत